शंभर मीटर कुठून आले?

पेटची जाहिरात निघाली की ओळखीचे-अनोळखी ज्युनियर्स सिनॉप्सिस पाठवायला लागतात. त्यात एक शीर्षक दरवर्षी ठरलेलं : '... शहराच्या सांस्कृतिक वारशाचे कायदेशीर संरक्षण : एक चिकित्सक अभ्यास'. रिकाम्या जागी कुणी नांदेड भरतं, कुणी कंधार, कुणी उदगीर, कुणी औसा. विषय चांगला आहे. पण आतलं लेखन वाचलं की कळतं, 'चिकित्सक' हा शब्द फक्त शीर्षकात आहे. आत संविधानाचं कलम 49, कलम 51 क, 1958 चा कायदा, 2010 ची दुरुस्ती, आणि शेवटी 'जनजागृती आवश्यक आहे'. संपलं.

मी कायद्याचा विद्यार्थी नाही, हे आधीच सांगतो. एम.एस्सी. रसायनशास्त्रात झालं आणि पीएच.डी.चं काम जुन्या भिंतींतल्या चुन्यावर चालू आहे. त्यामुळं कायदा वाचताना मी जो प्रश्न विचारतो तो वकिलाचा नसतो, प्रयोगशाळेतला असतो : हा आकडा आला कुठून? हे माप कुणी घेतलं? आणि माझ्या नमुन्याला हे लागू होतं का? तेच तीन प्रश्न या विषयाला लावून बघू.

सुरुवात तिसऱ्या प्रश्नापासून, कारण तिथंच बहुतेक सिनॉप्सिस पडतात. 'प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, 1958' हा केंद्राचा कायदा. तो राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या स्मारकांसाठी आहे, देशात अशी सुमारे 3,700 आहेत. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद त्यात येतात. पण कंधारचा किल्ला, उदगीरचा किल्ला, औशाचा किल्ला, खरोशाची लेणी, होट्टलची मंदिरं ही राज्य संरक्षित. त्यांना लागतो तो महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा : 'महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, 1960'. नावात 1960 असलं तरी तो 1961 चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 12 आहे. संदर्भ देताना ही गफलत नेहमी होते, म्हणून सांगितलं.

हा फरक किरकोळ नाही. 2010 च्या दुरुस्तीतलं प्रसिद्ध कलम 20 अ, म्हणजे स्मारकाभोवती किमान 100 मीटर बांधकामाला मनाई, आणि कलम 20 ब, म्हणजे त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित, हे राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी आहे. कंधारवरच्या सिनॉप्सिसमध्ये '100 मीटरच्या नियमाची अंमलबजावणी' असं एक प्रकरण टाकलं असेल, तर आधी दाखवावं लागेल की तो नियम तिथं लागू आहे. विषय निवडला कंधारचा, पण सगळे संदर्भ वाचले दिल्लीचे आणि हंपीचे, की असं होतं.

राज्यघटनेतच ही वाटणी आहे. संसदेनं राष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली स्मारकं संघ सूचीत (नोंद 67), बाकीची राज्य सूचीत (नोंद 12), आणि राष्ट्रीय महत्त्वाची नसलेली पुरातत्त्वीय स्थळं समवर्ती सूचीत (नोंद 40). म्हणजे एकाच गावात किल्ला राज्याचा विषय आणि त्याच्या शेजारचं पांढरीचं टेकाड राज्य आणि केंद्र दोघांचा, असं होऊ शकतं.

मराठवाड्याच्या बाबतीत आणखी एक थर आहे, जो पुण्या-मुंबईच्या लेखांत सापडत नाही. आपल्याकडं स्मारकांचं कायदेशीर संरक्षण 1958 ला सुरू झालं नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानानं 1914 मध्ये स्वतंत्र पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख होते. 1337 फसली साली हैदराबादचा स्वतःचा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला. फसली सालात 590 मिळवा, 1927 येतं. म्हणजे आपल्या भागातल्या काही वास्तूंची पहिली अधिसूचना उर्दूत असण्याची शक्यता आहे, आणि ती मुंबईच्या राजपत्रात शोधून सापडणार नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर हा भाग आधी मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात आला. या प्रवासात कोणती वास्तू कोणत्या यादीतून कोणत्या यादीत गेली, कोणती मधेच गळाली, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. मला आजवर आलेल्या सिनॉप्सिसमध्ये तो कुणी घेतलेला नाही. उर्दू येणाऱ्या मुलामुलींनी तर याच्यावर उडीच मारायला हवी.

आता शंभर मीटर.

हा आकडा 2010 चा नाही. 16 जून 1992 च्या अधिसूचनेनं स्मारकापासून 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित ठरवले. नंतर एक समिती नेमून प्रतिबंधित भागातही परवानग्या दिल्या जाऊ लागल्या. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं की असे अधिकार या समितीला कायद्यात नाहीत. मग 2010 च्या सुरुवातीला अध्यादेश आला, नंतर कायदा झाला. त्याच्या नावातच 'दुरुस्ती आणि विधिग्राह्यीकरण' आहे. म्हणजे जुन्या परवानग्यांना कायद्याचं छत्र देणं आणि पुढं कडक होणं, दोन्ही एका झटक्यात. अधिसूचनेतला आकडा थेट कायद्याच्या कलमात जाऊन बसला.

पण 100 का? 80 का नाही, 150 का नाही? विज्ञानाच्या विद्यार्थ्याला असा गोल आकडा दिसला की कान टवकारले पाहिजेत. बांधकामाच्या कंपनांचा परिणाम किती अंतरापर्यंत जातो, हे जमिनीवर अवलंबून असतं. काळ्या मातीत वेगळं, थेट बेसाल्टवर पाया असेल तर वेगळं. पाया खणल्यानं भूजलाची पातळी किती हलते, तेही तसंच. वास्तू दुरून किती दिसली पाहिजे, हे तिच्या उंचीवर. या तिन्ही गोष्टींचं उत्तर सगळ्या देशात, सगळ्या वास्तूंना, अचूक 100 मीटर येणं शक्य नाही. हे मोजमाप नाही, ही प्रशासनाची सोय आहे. सोय असायला हरकत नाही, पण तिला सोय म्हणायचं.

या सोयीचा हिशेब करून बघा. समजा 30 मीटर बाय 30 मीटरचं एक छोटं मंदिर आहे. क्षेत्र 900 चौरस मीटर, म्हणजे एका हेक्टरच्या दहाव्या भागाहून कमी. त्याच्या चारी बाजूंनी 100 मीटरचा पट्टा घेतला तर साधारण 4.3 हेक्टर प्रतिबंधित होतं. पुढचे 200 मीटर धरले तर एकूण सुमारे 32 हेक्टर, म्हणजे 79 एकर. माळरानावरच्या मंदिराला याचं काही वाटत नाही. पण दाट वस्तीतल्या मंदिराभोवतीच्या 79 एकरांत किती संसार असतील? त्यांना घराचा मजला वाढवायला परवानगी लागते, आणि पहिल्या 100 मीटरमध्ये नवं बांधकाम होतच नाही. त्याच वेळी प्रचंड किल्ल्याच्या तटाबाहेरही तोच 100 मीटरचा पट्टा. मैलाचा दगड म्हणून उभारलेल्या कोस मिनारालाही तोच. 2023 मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं हा मुद्दा मांडला, की यादीत मोठ्या वास्तूंबरोबर किरकोळ वास्तूही आहेत आणि सगळ्यांना एकच पट्टा लावणं बरोबर नाही. प्रत्येक स्मारकासाठी वेगळ्या वारसा उपविधी कराव्यात, अशी तरतूद 2010 च्या कायद्यातच आहे. म्हणजे उपाय कायद्यात लिहिलेला आहे, काम मात्र गोल आकड्यावरच भागवलं जातंय.

इथं काही जण म्हणतील, मग राज्य संरक्षित स्मारकांना असा कडक पट्टा कलमातच नाही हे बरंच की! मला तसं वाटत नाही. आंधळा नियम वाईट, पण नियमच नसणं त्याहून वाईट. मधला रस्ता म्हणजे जागेवर जाऊन मोजणं, आणि तेच कुणाला नको असतं.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र पट्ट्याबद्दल नाही. हे दोन्ही कायदे, केंद्राचा आणि राज्याचा, शत्रू म्हणून माणसाची कल्पना करतात. 1958 च्या कायद्याचं कलम 30 वाचा : नासधूस करणारा, हलवणारा, इजा पोचवणारा, विद्रूप करणारा. आधी शिक्षा तीन महिने आणि पाच हजार दंड होती, 2010 नंतर दोन वर्षं आणि एक लाख झाली. ठीक. पण औसा तालुक्यातल्या खरोशाला जाऊन या. तिथली लेणी अजिंठ्यासारख्या घट्ट बेसाल्टमध्ये नाहीत, जांभ्यात खोदलेली आहेत. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात पाणी पितो, उन्हाळ्यात सोडतो, आणि पाण्याबरोबर आलेले क्षार सुकताना स्फटिक होऊन आतून दगड फोडतात. शिल्पांचे चेहरे झिजलेत ते काही सगळेच कुणी हातोड्यानं झिजवले नाहीत. या पाण्यावर कलम 30 खाली गुन्हा कसा नोंदवणार? तटाच्या फटीत उगवलेल्या पिंपळावर? कायद्यात 'इजा करू नये' आहे, पण 'दर अमुक वर्षांनी ओलावा मोजावा, नोंद ठेवावी, ती जाहीर करावी' असं बंधन नाही. बोर्ड लागला, कुंपण झालं की कागदावर स्मारक सुरक्षित. आत ते विरघळत असतं.

नोंदी न ठेवल्याचं काय होतं ते राष्ट्रीय पातळीवर दिसलंच आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2013 च्या अहवालात सांगितलं की प्रत्यक्ष पाहणी केलेल्या 1,655 स्मारकांपैकी 92 जागेवर सापडलीच नाहीत. संरक्षित स्मारकं, बरं का. कायद्याचं पूर्ण कवच असलेली.

आता 'शहर' या शब्दाकडं येऊ. शीर्षकात सगळे लिहितात 'शहराचा वारसा', आणि आत बोलतात सुट्या वास्तूंबद्दल. कंधारचं उदाहरण घ्या. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं गाव. कृष्ण तिसरा याच्या काळातला शिलालेख, अजस्र क्षेत्रपाल मूर्तीचे विखुरलेले अवयव, जगत्तुंग तलाव, पाण्यानं भरणारा खंदक असलेला भुईकोट, हाजी सय्याह यांचा दर्गा, आणि या सगळ्याच्या मधोमध नांदतं गाव. यातल्या कशाकशाला संरक्षित म्हणणार? किल्ल्याला म्हटलं तर तलाव सुटतो. पण भुईकोटाचा खंदक हा आसपासच्या पाण्याच्या व्यवस्थेपासून तोडून समजतच नाही. पाणी येण्याच्या वाटा बुजल्या तर खंदकाचा उकिरडा व्हायला वेळ लागत नाही, आणि त्या वाटा संरक्षित हद्दीच्या बाहेर असतात. स्मारकाच्या कायद्याला गट नंबर आणि हद्द लागते. पाण्याला हद्द नसते.

लातूरची गंजगोलाई तर याहून अवघड. 1917 मध्ये फैजुद्दीन या रचनाकारानं आखलेला वर्तुळाकार बाजार, मध्ये अंबाबाईचं मंदिर, आणि गोलाईतून फुटणारे 16 रस्ते. सराफा, कापड, भुसार, प्रत्येक रस्त्याचा आपला धंदा. इथं वारसा नेमका कशात आहे? दुकानाच्या भिंतीत? थोडासा. खरा वारसा त्या आखणीत आहे, सोळा रस्ते उघडे राहून मध्यभागाला मिळतात यात आहे. वय 100 वर्षांच्या पुढं गेलं, म्हणजे केंद्राच्या कायद्याची वयाची अट पूर्ण झाली. म्हणून उद्या तिला प्राचीन स्मारक जाहीर करून भोवती 100 मीटर मनाई लावली तर? मनाईच्या पट्ट्यात बाजारच सापडेल. व्यापारी बाहेर पडतील, आणि ज्या गोष्टीसाठी गोलाई महत्त्वाची आहे तीच जाईल. हे हत्यारच चुकीचं आहे.

योग्य हत्यार दुसऱ्या कायद्यात आहे, आणि सिनॉप्सिसमध्ये तो कायदा क्वचितच दिसतो : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966. त्याच्या कलम 22 मध्ये विकास योजनेत काय काय असावं याची यादी आहे, आणि ऐतिहासिक, नैसर्गिक, वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागांचं जतन त्यात स्पष्ट लिहिलंय. याच कायद्याच्या आधारानं 1995 मध्ये मुंबईत वारसा नियमावली आली. तिथं वास्तूंना श्रेणी एक, दोन, तीन दिली जाते. श्रेणी एकला जवळजवळ हात लावायचा नाही, श्रेणी तीनमध्ये बदल चालतो पण विचारून. शिवाय सुटी इमारतच नाही, तर अख्खा परिसरही यादीत घेता येतो. 2020 च्या डिसेंबरपासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा जतनाचे नियम आहेत, आणि ती मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला लागते.

म्हणजे लातूर महापालिका असो की कंधार नगर परिषद, नियम हाताशी आहे. पण हा नियम यादीवर चालतो. यादी केली नाही, तर तो कोऱ्या कागदावरचा शिक्का. आणि यादी करायची म्हणजे वाडे, बारवा, वेशी, जुने बाजार, गढ्या यांची घरोघरी जाऊन नोंद करायची, मालकांची हरकत ऐकायची, त्यांना बदल्यात काय मिळणार ते सांगायचं. मुंबईत जमिनीचा भाव इतका की हस्तांतरणीय विकास हक्काचं, म्हणजे टीडीआरचं, आमिष दाखवता येतं. उदगीरच्या जुन्या गल्लीतल्या वाड्याच्या मालकाला टीडीआर देऊन तो घेणार कोण? मुंबईची नियमावली जशीच्या तशी इथं आणा म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं. माझ्या मते लहान गावांत मालमत्ता कराची सूट आणि दुरुस्तीला तांत्रिक मदत, या दोनच गोष्टी चालतील. हे माझं मत आहे, ते तपासण्याजोगं आहे, आणि कुणी तपासून खोटं ठरवलं तर तो चांगला प्रबंध होईल.

नांदेडबद्दल थोडक्यात. सचखंड गुरुद्वाऱ्याची आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळात, 1832 ते 1837 मध्ये उभी राहिली. त्याच्यासाठी हैदराबाद राज्यानं केलेला 1956 चा स्वतंत्र कायदा आहे, म्हणून बरेच जण तो 'वारसा संरक्षणाचा कायदा' म्हणून दाखवतात. तो मुळात बोर्डाचा आणि मालमत्तेच्या कारभाराचा कायदा आहे. 2008 च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या वेळी जेएनएनयूआरएममधून शहराचं रूप बदललं, रस्ते रुंद झाले, गुरुद्वाऱ्याभोवतीचा परिसर मोकळा झाला. ते चांगलं झालं की वाईट, यावर ठाम मतं भरपूर ऐकायला मिळतात. संशोधकाचा प्रश्न वेगळा : 2008 च्या आधीचा पाया कुठं आहे? कोणत्या गल्लीत कोणती वास्तू होती, किती जुनी, कशाची बांधलेली? 'आधी'ची नोंद नसेल तर 'नंतर'बद्दलचं कोणतंही विधान प्रयोगात कंट्रोल न ठेवता काढलेल्या निष्कर्षासारखं आहे. जुने नगर भूमापन नकाशे, घरपट्टीच्या नोंदवह्या, लग्नाचे अल्बम, यातून तो पाया अजूनही बांधता येईल. ती पिढी आहे तोवर.

आता ज्या गोष्टीवर आपल्या भागातला कुणीच गप्प बसू शकत नाही, ती. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक स्वतःच्या घराच्या भिंतीखाली आणि माळवदाखाली. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंती, आत मातीचा गारा, वर मातीचं जड छप्पर. भिंतीच्या आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नव्हते किंवा कमी होते. हादऱ्यानं दोन्ही थर फाकले, आणि माळवद सरळ खाली आलं. नंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं दुसऱ्या जागी वसवली.

म्हणून मराठवाड्यात 'पारंपरिक घरं जपली पाहिजेत' हे वाक्य पुण्यात लिहितात तितक्या सहज लिहिता येत नाही. इथल्या माणसाला दगडी वाडा म्हणजे आधी वारसा आठवत नाही, मढी आठवतात. त्यानं तो पाडून सिमेंटचा स्लॅब टाकला तर तो अडाणी नाही. वारशाचा कोणताही नियम इथं आणायचा असेल, तर त्यात पहिली ओळ जीव कसा वाचेल याची हवी. ते शक्य आहे : आरपार दगड बसवणं, छपराचं वजन कमी करणं, भिंतीच्या वरच्या बाजूनं आडवा पट्टा बांधणं. जुन्या दगडी घरांच्या मजबुतीकरणासाठी भारतीय मानक ब्यूरोची मार्गदर्शक तत्त्वं (आयएस 13935, आणि कमी ताकदीच्या बांधकामासाठी आयएस 13828) 1993 सालचीच आहेत. पण वारशाचा कायदा एका खात्यात, भूकंपाचं मानक दुसऱ्या खात्यात, आणि घरमालक दोन्हींच्या बाहेर. 'कायदेशीर संरक्षण' या शब्दांत संरक्षण कुणाचं, हा प्रश्न आपल्या पट्ट्यातल्या सिनॉप्सिसमध्ये नसेल तर गाईडनं तो परत पाठवावा असं मला वाटतं.

एक शेवटचा कोपरा, कारण तो माझ्या विषयाजवळचा आहे. तेर, म्हणजे प्राचीन तगर. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडं पांढरी म्हणतात. शतकानुशतकांची राख, हाडं, शेण, कचरा यामुळं त्या मातीत फॉस्फेट आणि चुना भरपूर असतो, म्हणून ती शेतात टाकायला आणि माळवदावर घालायला लोक खणून नेत आले. ती माती नेताना नाणी, मणी, खापरं, मृण्मूर्ती वर येत गेल्या. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर त्या गोळा केल्या, आणि त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय आज तिथं आहे. एका माणसाच्या नादानं जे वाचलं त्याच्याकडं बघून मी विचारतो की किती टेकाडांना असा माणूस मिळाला नाही. पुरातत्त्वीय स्थळ ही व्याख्या दोन्ही कायद्यांत आहे, पण जाहीर न झालेल्या टेकाडाला तिचा उपयोग नाही.

ज्यांना हा विषय घ्यायचाच आहे त्यांनी एक गाव, एक वास्तू घ्या आणि तिच्या अधिसूचनेची प्रत मिळवा. राज्य पुरातत्त्व विभागाकडं माहितीच्या अधिकारात मागता येते. त्यातला गट किंवा सर्व्हे नंबर आजच्या सातबाऱ्याशी आणि नगर भूमापनाच्या नकाशाशी जुळवा. मग नगर परिषदेत जाऊन मंजूर विकास योजनेचा नकाशा मागा, आणि तीच हद्द त्यावर आहे का बघा. तीन कागदांवर तीन वेगळ्या हद्दी निघाल्या, तर तुमचं पहिलं प्रकरण तयार आहे. विकास योजनेचा नकाशा कसा वाचायचा, त्यातले रंग आणि आरक्षणाचे क्रमांक काय सांगतात, ते पुढच्या लेखात.